चूक कोणाची, ते विचारायचंच नाही

अपघाताच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाकडे दोन गोष्टी साठत जातात. एक्स-रे आणि किस्से. निकाल लागला की एक्स-रे परत न्यायला कोणी येत नाही, त्यामुळे माझ्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा निव्वळ लोकांच्या मोडलेल्या हाडांनी भरलाय. किस्स्यांना कप्पा नाही. ते चहाच्या वेळी आपोआप बाहेर पडतात, आणि मग बार रूममधल्या मैत्रिणी म्हणतात, "अगं, लिहून काढ कधीतरी!" आज कोर्टाला सुट्टी आहे आणि पक्षकारांना ते माहीत आहे. अशी संधी पुन्हा येणार नाही!

आधी थोडं कामाचं सांगते. गोंदियात कोर्टाच्या जवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. तिथं मी आणि माझे मुन्शी पटलेजी, एवढाच स्टाफ. कामं बहुतेक अपघाताची. त्यात कायद्यानं दोन रस्ते दिलेत. पहिल्या रस्त्यानं गेलं तर समोरच्या गाडीवाल्याची चूक सिद्ध करावी लागते. भरपाई जास्त मिळू शकते, पण साक्षीदार, पंचनामा, उलटतपासणी, सगळं रामायण. दुसरा रस्ता साधा. गाडीमुळे अपघात झाला आणि माणूस गेला किंवा हाड मोडलं, एवढंच दाखवायचं. रक्कम कायद्यानं ठरलेली. चूक कोणाची, हे विचारायचंच नाही!

ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाला अपघातानंतर पहिली गोष्ट सांगायची असते ती हीच, की चूक आपली नव्हती. ते तोंडातलं वाक्य काढून घेतलं की पुढं काय होईल याचा नेम नाही.

*

गोरेगाव तालुक्यातले बळीरामजी खांद्याचं हाड मोडलं म्हणून आले होते. आठवडी बाजारातून मोटरसायकलनं परत जाताना एका मिनीडोर टेम्पोनं त्यांना उडवलं होतं. सोबत बायको. खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "तं बाई, त्या दिवशी बाजार होता..."

मी कागद बघता बघता म्हटलं, "काका, ते राहू द्या. तुमच्या केसमध्ये चूक कोणाची होती ते सांगायची गरजच नाही."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, खांदा पुन्हा दुखावला की काय!

"कायले गरज नाई? मी येवढ्या दिवसांपासून तयारी करून राहिलो!"

काकू हात जोडून म्हणाल्या, "ऐकून घ्या जी बाई. घरी रोज बोलून राहिले. म्हशीलेही पाठ झालं आता!"

म्हटलं, सांगा. बळीरामजी उठले. माझा चहाचा ग्लास म्हणजे मिनीडोर, पेपरवेट म्हणजे त्यांची मोटरसायकल, स्केल म्हणजे रोड. ग्लास इकडून आला, पेपरवेट तिकडून. मिनीडोरवाला कसा फोनवर बोलत होता, हॉर्न कसा वाजवला नाही, सगळं झालं. ग्लास आणि पेपरवेट अगदी समोरासमोर आले तेव्हा ते थांबले. मग पेपरवेट हळूच जरा उजवीकडं सरकवलं.

"खरं सांगू का जी, मीबी जरासाक इकडं आलो होतो."

काकू ताडकन वळल्या. "हे घरी कधीच सांगतलं नाई!"

"घरी तू विचारत होती न!" बळीरामजी म्हणाले. "येथं कोनी विचारूनच नाई राहिलं!"

*

होमराज नावाचा एक तरुण आला होता. सासुरवाडीला गेला असताना साळ्याची मोटरसायकल मागून घेतली, मुरमावर घसरला आणि पायाचं हाड मोडून घेतलं. समोर दुसरी गाडी नाही, कुत्रं नाही, काही नाही. एकटाच गेला, एकटाच पडला.

मी त्याला समजावलं. "हे बघ भाऊ, दुसऱ्याची गाडी मागून नेली आणि आपणच चालवताना पडलो, तर कायदा म्हणतो की तू मालकाच्या जागी आलास. आणि मालक आपल्याच गाडीच्या विम्यावर बाहेरच्या माणसासारखा दावा करू शकत नाही."

होमराजनं विचार केला. "म्हंजे कायद्यात मी मालक?"

"त्या वेळेपुरता, हो."

"बरं," तो म्हणाला, आणि फारसं दुःखी न होता कुबडी टेकत निघून गेला. मला बरं वाटलं. इतक्या समजूतदारपणे 'केस होत नाही' ऐकून घेणारा माणूस विरळाच!

काही दिवसांनी एक माणूस तरातरा जिना चढून वर आला. नमस्कार नाही, काही नाही.

"मॅडम, गाडी जावायाची झाली असं तुम्हीच सांगतलं का?"

हा साळा होता. होमराज गाडी परत देत नव्हता. विचारलं की म्हणायचा, "वकीलबाईनं सांगतलं, कायद्यात मालक मीच होय!" सासरे जावयाला काही बोलू शकत नव्हते, बहीण नवऱ्याच्या बाजूनं होती आणि साळा रोज सायकलनं फिरत होता.

मी त्याला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. मालकी फक्त त्या वेळेपुरती, गाडीवर बसल्यापासून पडेपर्यंत. नंतर गाडी ज्याची त्याची. साळा शांत झाला. जायला उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"पडेपर्यंत मालक तोच, पक्कं?"

"पक्कं."

"मंग पडताना हेडलाईट फुटला मॅडम. तो कोन भरन?"

मी तोंड उघडायच्या आत टायपिंग करत असलेले पटलेजी मान वर न करता म्हणाले, "मालक!"

*

अर्जुनी मोरगावकडच्या एका गुरुजींचा किस्सा तर आमच्या बार रूममध्ये अजून चालतो. गुरुजी शाळा सुटल्यावर शेजारच्या सोमाजीला मोटरसायकलवर मागं बसवून जंगलातल्या रोडनं घरी चालले होते. मधेच रानडुक्कर आडवं आलं, थेट गाडीवर. गुरुजींचं मनगट मोडलं, सोमाजीला खरचटलं, डुक्कर निघून गेलं.

गुरुजी माझ्याकडं आले. म्हटलं, गुरुजी, चूक कोणाची हे विचारत नाहीत हे खरं, पण समोर एखादी गाडी तर पाहिजे! डुकराचा इन्शुरन्स कोण काढतो? तुम्ही वन खात्याकडं अर्ज करा, जंगली जनावरानं माणसाला जखमी केलं तर तिथून मदत मिळते.

गुरुजींनी व्याकरणात एकही चूक नसलेला अर्ज केला. चौकशीला साहेब आले. ते मोठे काटेकोर. त्यांचं म्हणणं असं की मदत मिळते ती जनावरानं हल्ला केला तर. जनावर आपल्या वाटेनं चाललं असेल आणि माणूसच त्याच्यावर जाऊन आदळला असेल, तर तो हल्ला कसा?

एकमेव साक्षीदार सोमाजी. साहेबांनी त्याला विचारलं, "नीट आठवून सांगा. डुकरानं हल्ला केला, की ते नुसतं रस्ता ओलांडत होतं?"

सोमाजीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "साहेब, त्याच्या मनात काय होतं ते मी कसा सांगू? पन येवढं पक्कं, येवढी जोरात ठोकून त्यानं मागं वळून नाई पाह्यलं. आमाले तं ते हिट अँड रनच वाटलं!"

साहेब हसले. गुरुजींचं काम झालं. पण गुरुजी अजूनही नाराज आहेत. म्हणतात, "लेखी अर्ज माझा होता, आणि पास झाली सोमाजीची तोंडी!"

*

विमा कंपनीकडून आमच्या कोर्टात बहुतेक वेळा दुबेजी उभे राहतात. वय झालंय, केस पांढरे, आवाज असा की शेजारच्या कोर्टातला साक्षीदारसुद्धा दचकावा. बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी, आणि रागावले की पूर्ण हिंदी. माणूस मनानं चांगला, पण समोर दावेदार दिसला की त्यांना तो खोटंच बोलतोय असं वाटायला लागतं. धंद्याचा दोष!

चोरखमाऱ्याच्या तलावाखाली ज्यांची धानाची शेती आहे, त्यातले एक सुखदेवजी. जीपच्या धडकेत मांडीचं हाड मोडलं होतं. कंपनीला शंका, की हाड खरंच इतकं मोडलं होतं का? हा माणूस तर बांधीत, धानाच्या खाचरात दिसतो म्हणे! म्हणून चौकशीला नागपूरहून एक तपासनीस पाठवला.

दिवस रोवणीचे, म्हणजे धानाच्या लावणीचे. तपासनीस आला पॉलिश केलेले बूट घालून. सुखदेवजी धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर बसले होते, बाजूला काठी. त्यांना लांबून बघायचं आणि गुपचूप फोटो काढायचा, असा त्याचा बेत होता. फोटोसाठी तो न बघता जरा आणखी मागं सरकला, आणि तिथं चिखल केलेली बांधी होती! गुडघ्यापर्यंत आत. एक पाय काढायला गेला तर दुसरा आणखी खाली.

"भाऊ, मदत करा!"

सुखदेवजी काठी टेकत आले, धुऱ्यावर बसून घेतलं, काठीचं एक टोक त्याला दिलं आणि ओढून बाहेर काढलं. एक बूट तिथंच राहिला. मग घरी नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, चहा पाजला. तपासनीसानं रिपोर्टमध्ये हे सगळं इमानदारीनं लिहिलं. फक्त चहाचं लिहिलं नाही.

साक्षीच्या दिवशी दुबेजी तो रिपोर्ट हातात घेऊन उभे राहिले. "आपने हमारे तपासनीस साहब को कीचड़ से खींचकर बाहर निकाला?"

"हो जी."

"पूरा आदमी? अच्छा-खासा वजनदार आदमी?"

"हो जी. जडच होता."

दुबेजी विजयी मुद्रेनं जजसाहेबांकडं वळले. "तो फिर आपका पैर टूटा कैसे था?"

सुखदेवजींना प्रश्नच कळेना. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा जजसाहेबांकडं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले,

"पाय मोडला होता, साहेब. ओढलं हातानं!"

*

आणि मग एक दिवस खुद्द दुबेजींनाच ऑटोनं उडवलं. बाजारात रस्ता ओलांडत होते. हाताचं हाड मोडलं. प्लॅस्टर, गळ्यात झोळी. थोडं बरं वाटल्यावर ते माझा जिना चढून वर आले, माझ्यासमोर पक्षकाराच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले असावेत, कारण तिचा एक पाय डगमगतो हे त्यांना माहीत नव्हतं.

मी पेन उघडलं. मी काही विचारायच्या आत दुबेजी म्हणाले, "मैडम, सबसे पहले ये लिखिए, गलती मेरी बिल्कुल नहीं थी!"

पटलेजींना ठसका लागला.

मी म्हटलं, "सर, आपल्या केसमध्ये चूक विचारतच नाहीत."

"वो मुझे मत सिखाइए! मालूम है मुझे!" दुबेजी रागावले. मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाले, "लेकिन थी नहीं."

मी सगळं लिहून घेतलं. तारीख, ठिकाण, ऑटोचा नंबर, दवाखान्याचे कागद. दुबेजींनी ते वाचलं, दोनदा वाचलं, डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. दारात जाऊन परत आले. चेहऱ्यावर खरी काळजी.

"मैडम, जरा ठोक बजाके लिखिए हाँ. ये कंपनी के वकील बहुत टेढ़े होते हैं!"

*

सायत्राबाई आणि त्यांचा भाऊ यांची केस मात्र मी हसत हसत घेतली नव्हती.

सायत्राबाई रोवणी करणाऱ्या. गावात त्यांच्याइतकी सरळ ओळ कोणाची पडत नसे, असं सगळे सांगायचे. दिवाळीनंतर माहेरी आल्या होत्या. सकाळी भाऊ गावच्या रस्त्यावर ट्रॅक्टर मागं घेत होता, या वैरणीचा भारा घेऊन मागून येत होत्या. भाऱ्यामुळे त्यांना ट्रॅक्टर दिसला नाही आणि भावाला त्या दिसल्या नाहीत. चाक पायावरून गेलं. पाऊल वाचलं, पण चिखलात उभं राहायचं कायमचं बंद.

ऑफिसात त्यांना घेऊन आला तो भाऊच. यशवंत नाव. खुर्चीवर बसलाच नाही.

"बाई, माह्यावर केस टाका."

सायत्राबाई रडायला लागल्या. "भावावर केस टाकू? माहेर तुटन माहं!"

मी समजावलं. ट्रॅक्टरचा विमा आहे, भरपाई कंपनी देणार. पण कागदावर ट्रॅक्टरमालक म्हणून भावाचं नाव सामनेवाला नंबर एक असं यावंच लागतं. त्यात त्याची चूक होती असं लिहायचं नाही. कोणाचीच चूक लिहायची नाही.

"तरी 'सामनेवाला' लिहावं लागन न?" सायत्राबाई म्हणाल्या. "तो कधी माह्या सामने उभा राह्यला नाई जी. लहानपनापासून मागंच उभा राह्यला."

यशवंतनं तोंड फिरवलं आणि खिडकीतून खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही टाका. ती आयकत नसते. मी तिच्या घरी दर साली धान नेऊन देईन, ते तं देईनच. पन तिच्या हाताशी तिचं काही पाहिजे का नाई?"

केस टाकली. आणि मग सुरू झाली खरी गंमत. दर तारखेला दावेदार आणि सामनेवाला एकाच मोटरसायकलवरून कोर्टात यायचे! सामनेवाला दावेदाराला हात धरून पायऱ्या चढवायचा. दुपारी वऱ्हांड्यात दोघं एकाच डब्यातून जेवायचे. सामनेवाल्याची बायको दावेदारासाठी खास वांग्याची भाजी पाठवायची!

दुबेजींच्या डोळ्यांतून हे सुटेल होय? बहिणीची साक्ष सुरू झाली तशी त्यांनी तोफ डागली. "बाई, तुम्ही सामनेवाल्याच्या गाडीवर बसून कोर्टात येता?"

"हो जी."

"त्याच्याच घरचा डबा खाता?"

"हो जी."

"तुमचं आणि त्याचं काही भांडण नाही?"

"नाई जी."

"मतलब ये केस मिलीभगत है! खोटी केस आहे! बरोबर?"

यशवंत मागच्या बाकावरून अर्धा उठला होता. सायत्राबाईंनी पिंजऱ्याची कड घट्ट धरली, दुखरा पाय जरा पुढं घेतला आणि दुबेजींना विचारलं,

"भावासंगं भांडली असती तं माहा पाय खरा झाला असता का, साहेब?"

दुबेजी खाली बसले. नंतर मला बाहेर भेटले तेव्हा म्हणाले, "मैडम, उस बाई का बयान मेरे से मत पूछो." आणि स्वतःच्या खिशातून भाऊ-बहिणीला चहा पाजला. निकाल सायत्राबाईंच्या बाजूनं लागला. त्या पैशातून त्यांनी गावात किराण्याचं छोटं दुकान काढलं. सामान आणून देतो सामनेवाला नंबर एक!

*

मडावी बाबा जंगलातल्या एका छोट्या गावाचे. त्यांचा मुलगा वन खात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जायचा. थंडीच्या दिवसांत पहाटे धुकं असं पडतं की हात पुढं केला तर बोटं दिसत नाहीत. तशा धुक्यात मुलगा सायकलनं पायवाटेवरून डांबरी रोडवर आला आणि भाजी घेऊन बाजाराला चाललेल्या पिकअपची त्याला धडक बसली.

पिकअप शैलेश नावाच्या तरुणाची. तो पळून गेला नाही. भाजी रोडवर उतरवून त्यानं मुलाला गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. मुलगा वाटेतच गेला.

पाहणारा कोणी नव्हता. सायकल रोडवर किती आत आली होती, गाडी किती वेगात होती, कोणी सांगू शकत नव्हतं. पोलिसांनी तपास केला आणि पुरावा नाही म्हणून फाईल बंद केली. बाबा माझ्याकडं आले तेव्हा मी म्हटलं, आपण चूक न विचारण्याच्या रस्त्यानं जाऊ. बाबा फार बोलणारे नव्हते. "जसं तुमाले बरोबर वाटन तसं," म्हणाले.

विमा होता, कंपनीचा वकील होता, त्यामुळे शैलेशनं तारखेला यायची गरज नव्हती. तरी तो यायचा. वऱ्हांड्याच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीला टेकून उभा राहायचा.

पहिल्या तारखेला बाबांनी मला विचारलं, "तो पोरगा कोन होय?"

"गाडी त्याची होती, बाबा."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं.

पुढच्या तारखेला तो पुन्हा तिथंच, त्याच भिंतीला. बाबांनी सोबत आणलेलं भाकरीचं फडकं सोडलं आणि खाता खाता थांबले. "बाई, तो काही खाऊन येते का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. बाबांनी उरलेली अर्धी भाकर फडक्यात परत बांधली, पण ती घेऊन उठले नाहीत. आणि खाल्लीही नाही.

त्याच्या पुढच्या तारखेला मी कोर्टातून बाहेर आले तर दोघं एकाच बाकावर बसलेले. मधे एका माणसाची जागा मोकळी. पटलेजी म्हणाले, "सकाळपासून असेच बसून राहिले."

निकालाचा दिवस आला. दावा मंजूर झाला. दुबेजींनी सही केली, मला मान हलवून निघून गेले. मी बाहेर येऊन बाबांना निकाल समजावून सांगितला, पैसे बँकेत कसे येतील, काय काय घेऊन जायचं ते सगळं. बाबा मान डोलावत होते. शैलेश दोन पावलांवर उभा होता. माझं बोलणं संपेपर्यंत थांबला.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचार."

"आता निकालात काय लिहिलं? चूक माही होती का नोती?"

मी सांगितलं, "त्यात ते लिहीत नाहीत रे. या कायद्यात तो प्रश्नच नसतो."

"पोलिसबी बोलले, पुरावा नाई." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी रोज पाहून राहिलो मॅडम, डोये मिटले का तेच धुकं. मले खरंच नाई माहीत, मी जोरात होतो का नोतो. तुमीबी नाई सांगत, जजबी नाई सांगत. मंग मले कोन सांगन?"

पटलेजी फाईल बांधता बांधता थांबले.

बाबा बाकावरून उठले. धोतर झटकलं, काठी घेतली. शैलेशसमोर येऊन उभे राहिले.

"गाडी आनली का?"

शैलेश दचकला. "आनली, बाबा. भाऊ घेऊन आला. मी... मी नाई चालवत आता. त्या दिवसापासून नाई चालवली."

बाबांनी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या पिकअपकडं पाहिलं. स्टेअरिंगवर भाऊ बसला होता.

"त्याले मागं बसव," बाबा म्हणाले. "आज तू चालव. मी बाजूले बसतो."